सिकलसेल: संदेश एक, ऊतींची उत्तरे अनेक

यवतमाळच्या केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत ‘एसएस पॅटर्न’ (आई-वडील दोघांकडून आलेला सिकलसेल) हे शब्द नवे नाहीत. गोंड, कोलाम, परधान आणि इतरही काही समाजांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पाठ्यपुस्तके त्याचे कारण एका ओळीत सांगतात: अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात एक अक्षर बदलते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. कारण अचूक आहे, पण अपुरे आहे. हे जनुक काम करते फक्त लाल पेशींच्या वंशात. हाडांतली कळ, ताप, सुजलेली बोटे, निकामी होणारी प्लीहा हे मात्र इतर ऊतींत घडते, आणि त्यामागे दाहाचा मोठा वाटा असतो.

विळ्याच्या आकाराच्या पेशी फुटल्या की त्यांतले हीम रक्तात मोकळे होते. रक्तवाहिनीच्या अस्तरावरील टीएलआर-४ हा ग्राहक त्याने चेततो आणि एनएफ-कप्पा-बी हे नियामक प्रथिन केंद्रकात शिरते. (रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते शोधले, तेही बी-पेशींत, प्रतिपिंडाच्या जनुकाचा अभ्यास करताना.) अस्तरात ते सिलेक्टिनची जनुके चालू करते, भिंत चिकट होते, पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि त्यांच्यामागे विळापेशी. मॅक्रोफेजमध्ये तेच प्रथिन इंटरल्यूकिन-६ बनवून घेते. हे इंटरल्यूकिन यकृतात पोचले की स्टॅट-३ मार्फत सीआरपी, फायब्रिनोजेन आणि हेप्सिडिन वाढतात. मेंदूच्या वाहिन्यांत कॉक्स-२ चालू होते आणि ताप चढतो.

डीएनए सगळीकडे तोच, मग उत्तरे वेगळी का? ऊती घडतानाच डीएनएचे कोणते पट्टे उघडे राहतील हे बव्हंशी ठरलेले असते: मॅक्रोफेजमध्ये पीयू-१ ते उघडते, यकृतात एचएनएफ-४. दाहाचा संदेश उशिरा येतो आणि मुख्यतः उघड्या जागीच काम करतो.

उपचाराची वाटही याच तत्त्वातून निघाली. गर्भातील हिमोग्लोबिन पेशींचा विळा होऊ देत नाही, पण जन्मानंतर बीसीएल-११-ए हे प्रथिन त्याचे जनुक दाबून टाकते. भारतीय रुग्णांत हे हिमोग्लोबिन तुलनेने जास्त टिकते. तरीही विदर्भात तीव्र आजाराची मुले कमी नाहीत. बीसीएल-११-ए सरसकट काढून चालत नाही, कारण मेंदूला आणि बी-पेशींना ते लागते. म्हणून २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती फक्त लाल पेशींच्या वंशात चालणारा त्याचा नियामक पट्टा कापते. मान्यतेच्या वेळी अमेरिकेत तिची किंमत होती सुमारे २२ लाख डॉलर.

झरी जामणीच्या रुग्णाला आज उपयोगाची आहे ती हायड्रॉक्सियुरियाची साधी कॅप्सूल. ती गर्भातील हिमोग्लोबिन वाढवते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही कमी करते. दोन क्रायसिसच्या (तीव्र वेदनांच्या झटक्यांच्या) मधल्या काळातही अनेकांच्या शरीरात दाह चालूच असतो. त्यामुळे अंग दुखत नाही म्हणून औषध परस्पर बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रक्ततपासणी करत ते नियमित घ्यावे.