वत्सगुल्मचे हरवलेले घराणे

वाकाटकांचा धडा शिकवताना आपण प्रवरसेन, प्रभावतीगुप्ता आणि नंदिवर्धन ही नावे फळ्यावर लिहितो. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. पण याच वंशाची दुसरी शाखा सुमारे दीडशे वर्षे वाशीमहून राज्य करीत होती. तेव्हा वाशीमचे नाव वत्सगुल्म होते. गंमत अशी, की १९३९ पर्यंत अशी शाखा होती हेच अभ्यासकांना ठाऊक नव्हते. तिच्या राजांची नावे मात्र दगडावर कोरलेली होती आणि तो दगड सर्वांसमोर होता.

हा दगड अजिंठ्याचा. सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या टोकाच्या भिंतीवर एक संस्कृत लेख आहे. हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले आणि लेखात आपल्या धन्याची वंशावळ दिली. लेख फार झिजला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्यूलर यांच्यासारख्या थोर पंडितांनी तो वाचला, तेव्हा एका पुसट नावाच्या जागी त्यांना ‘रुद्रसेन’ दिसला, पुढच्या जागी ‘पृथिवीषेण’. ही नावे दुसऱ्या ताम्रपटांतून आधीच माहीत होती. अक्षर पुसट असले, की ओळखीचेच नाव डोळ्यांपुढे येते. त्यामुळे दोन शाखा एक होऊन बसल्या.

१९३९ मध्ये वाशीमलाच एक ताम्रपट उजेडात आला. तो वत्सगुल्माहून, राज्यवर्ष ३७ मध्ये दिलेला होता. देणारा राजा विंध्यशक्ती, त्याचा बाप सर्वसेन आणि आजा पहिला प्रवरसेन. हा सर्वसेन कोण? वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटाच्या आधारे अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. रुद्रसेनाच्या जागी ‘सर्वसेन’ निघाला आणि पृथिवीषेणाच्या जागी ‘विंध्यसेन’, म्हणजेच ताम्रपटातला विंध्यशक्ती. दगड तोच होता, वाचन बदलले आणि एक घराणे परत मिळाले.

मग इतर दुवेही जुळू लागले. अजिंठ्याच्या लेखात आठव्या वर्षी गादीवर आलेल्या एका राजाचा उल्लेख आहे, पण त्याचे नाव टिकलेले नाही. ते धुळे जिल्ह्यातील थाळनेरच्या ताम्रपटांनी दिले: दुसरा सर्वसेन. वाकाटकांचे लेख बहुधा राज्यवर्षच सांगतात. त्यावरून राजा गादीवर येऊन किती वर्षे झाली ते कळते, इसवी सन कळत नाही. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखाने ही अडचण सोडवली. देवसेन राजाच्या काळी स्वामिल्लदेव या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ तलाव बांधला, त्याचा हा लेख. त्यावर शके ३८० आहे, म्हणजे साधारण इ. स. ४५८. साऱ्या कालगणनेला एक पक्की खुंटी मिळाली.

हे घराणे विद्याप्रेमीही होते. पहिल्या सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकारांनी केलेल्या उल्लेखांमुळे आपण ते ओळखतो. वाशीमच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा मजकूर प्राकृतात. राजदरबारची भाषा बदलत होती, त्या वेळचा हा पुरावा. मंत्र्यांचेही घराणेच होते: देवसेनाचा मंत्री हस्तिभोज, त्याचा मुलगा वराहदेव. सोळावे लेणे आणि त्यातली वंशावळ आपल्याला या मुलामुळे मिळाली.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एखादे नाव पाटीवर लिहून त्यातली दोन अक्षरे पुसावीत आणि मुलांना वाचायला सांगावे. बहुतेक मुले ओळखीचे नाव सांगतील. मग विचारावे, ‘हे चूक आहे असे कशावरून ठरवाल?’ उत्तर एकच: दुसरा स्वतंत्र पुरावा.

असा पुरावा कधी शेतात नांगराला लागतो, कधी जुन्या वाड्यात सापडतो. जुना तांब्याचा पत्रा मोडीत गेला, तर त्यावरचा राजाही भट्टीत जातो. आपल्या गावात अक्षरे कोरलेला पत्रा किंवा दगड आढळला, तर तो घासूपुसू नये. पुरातत्त्व खात्याला कळवावे. एवढी एक सवय आपण मुलांना लावली, तरी इतिहास शिकवल्याचे सार्थक होईल.