टुंड्रातले टिलवे, गोदाकाठचा गाळ

जायकवाडी हे नाव मूळचे बीड जिल्ह्यातल्या एका वाडीचे. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवरचे धरण तिथेच योजले होते. महाराष्ट्र झाल्यावर जागा सुमारे १०० किलोमीटर वर, पैठणला सरकली आणि नाव तेवढे राहिले. १९६५ साली पायाभरणी झाली, १९७६ साली उद्घाटन, १९८६ साली त्याच्या जलाशयाला, नाथसागराला, पक्षी अभयारण्याचा दर्जा. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण आले. या क्रमामुळे एक समजूत रुजली, की दुष्काळी मुलखात ध्रुवाकडचे पक्षी धरणांनीच आणले. ती अर्धीच खरी आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातले पक्षी पाहिले ते १९३१-३२ मध्ये. बीड तेव्हा त्याच संस्थानात होते आणि यांतले एकही धरण झालेले नव्हते. तरी थंडीत उत्तरेकडून येणारे पाणपक्षी त्या पाहणीत आहेत. उत्तरेकडून येणाऱ्या अशा पक्ष्यांपैकी छोट्या टिलव्याला खोल पाणी लागतच नाही. २०-३० ग्रॅमचा हा जीव ओल्या चिखलात चोच खुपसून किडे-अळ्या टिपतो, आणि असा चिखल गेवराई-माजलगावकडची गोदावरी पावसाळा सरला की आपोआप उघडा टाकत असे. धरणांनी संख्या वाढवली असेल, पण तीही भरलेल्या जलाशयाने नव्हे, ओसरत्या पाण्याने. गाळपेर करणारा शेतकरी ज्या काठाची वाट बघतो, त्याच काठावर टिलवाही उतरतो. पण काठ ओला राहायला थोडे पाणी उरावेच लागते; म्हणूनच २०१६ साली माजलगावचा साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला, तेव्हा तिथे या पक्ष्यांसाठीही फारसे काही उरले नसणार.

कोणी म्हणेल, हिवाळ्यातल्या पाहुण्यांना ध्रुवीय प्राणी कशाला म्हणायचे? (पट्टकादंबालाही आपण सायबेरियन म्हणून मोकळे होतो, तो तिबेट-मंगोलियाकडचा.) पण टिलवा, सोनचिखल्या यांची पिल्ले खरोखर टुंड्रातच जन्मतात. तिथे हे पक्षी जेमतेम दोन-तीन महिने असतात. उरलेले वर्ष प्रवासात आणि दक्षिणेत जाते. शिवाय तिकडच्या घडामोडी इकडे पोचतात. टैमिर द्वीपकल्पावर लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी काही वर्षांनी एकदम घटतात, मग भुकेला ध्रुवीय कोल्हा चिखलपक्ष्यांच्या अंड्या-पिल्लांकडे वळतो आणि त्या हिवाळ्यात दक्षिणेत उतरणाऱ्या थव्यांत कोवळे पक्षी कमी दिसतात. तेव्हा माजलगावच्या काठावर एखाद्या वर्षी थवे विरळ दिसले, तर दोष दर वेळी धरणाच्या पाण्याचाच असेल असे नाही.