बजेट टीव्ही घ्यावा की मिड-रेंज? पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

दुकानात किंवा ऑनलाइन बघायला गेलं की ४३ इंची फोर-के स्मार्ट टीव्ही २२-२५ हजारांत दिसतो. शेजारीच तेवढ्याच आकाराचा, वरवर तसाच दिसणारा दुसरा टीव्ही ३८-४० हजारांचा असतो. पेटीवर दोन्हीकडे साधारण तेच शब्द असतात : फोर-के, एचडीआर, डॉल्बी, स्मार्ट. मग वरचे पंधरा हजार कशाचे?

हा प्रश्न मी २०२१ मध्ये विचारला नाही, म्हणून हा लेख लिहितोय. तेव्हा आई-बाबांसाठी मी एक बजेट टीव्ही घेतला. फीचर्सची यादी वाचली, किंमत बघितली, ऑर्डर करून टाकली. दीड वर्षानं गावी गेलो तेव्हा बाबा दुपारची मॅच मोबाईलवर बघत बसले होते आणि टीव्ही बंद होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यात दुपारी काही दिसत नाही रे. आणि लावायला वेळ लागतो." पेन्शनमधून दिलेले पैसे होते ते. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर या विषयात जे शिकलो ते इथे सांगतो. सुरुवातीलाच एक नियम लक्षात ठेवा, बाकी सगळं त्याभोवती फिरतं : टीव्हीमधल्या काही गोष्टी नंतर बाहेरून जोडता येतात, काही जोडता येत नाहीत. जादा पैसे द्यायचे ते दुसऱ्या प्रकारासाठी.

आधी खोली मोजा, मग टीव्ही बघा

सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. अंदाजानं नको, अंदाज नेहमी चुकतो. ते अंतर इंचात घ्या आणि १.६ नं भागा. येईल तो आकार आरामात बघण्यासाठी योग्य समजा. ६ फूट म्हणजे ७२ इंच, भागिले १.६ म्हणजे ४५. तिथे ४३ इंची टीव्ही छान बसतो. ९ फुटांवर हाच हिशोब ६७ इंचांवर जातो. एवढा मोठा घ्यायलाच हवा असं नाही, पण ९ फुटांवर ४३ इंची टीव्ही लहान पडतो हे नक्की. आमच्या गावच्या हॉलमध्ये अंतर नऊ फूट आहे. बाबांना कोपऱ्यातला स्कोअर वाचता यायचा नाही, त्याचं कारण चष्मा नव्हता, मी निवडलेला आकार होता.

इथेच फोर-केचाही खुलासा होतो. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, म्हणजे चौपट. पण डोळ्याची क्षमता मर्यादित असते. चांगली नजर असलेल्या माणसालाही ४३ इंची पडद्यावर साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडे आणि ५५ इंची पडद्यावर सात फुटांच्या पलीकडे या दोन्हींतला फरक कळणं अवघड जातं. त्यात डीटीएचचे एचडी चॅनल १०८० रेषांचेच असतात, साधे चॅनल ५७६ रेषांचे. आज ४३ इंच आणि त्यावरचे बहुतेक टीव्ही फोर-केच येतात, त्यामुळे ते आपोआप मिळतंच. फक्त "फोर-के आहे" म्हणून टीव्ही चांगला, असं समजू नका. बजेट आणि मिड-रेंजमधला फरक तिथे नाही.

नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टी

ब्राइटनेस. खरा फरक इथे आहे. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. बहुतेक बजेट टीव्ही २५० ते ३५० निट्सच्या आसपास असतात. चांगल्या मिड-रेंजमध्ये ५०० किंवा त्याहून जास्त मिळतात. रात्री दिवे कमी करून बघताना ३०० निट्स पुरतात. पण पश्चिमेला खिडकी असलेल्या हॉलमध्ये, दुपारी तीन वाजता, त्याच टीव्हीवर मालिकेतला रात्रीचा प्रसंग लागला तर तुम्हाला स्वतःचंच तोंड दिसतं. आमच्याकडे नेमकं हेच व्हायचं. पेटीवर हा आकडा बऱ्याचदा नसतो, म्हणून त्या मॉडेलचे मोजमाप करून केलेले रिव्ह्यू शोधा.

एचडीआर. पेटीवरच्या एचडीआर या शब्दाचा अर्थ बजेट टीव्हीत बऱ्याचदा एवढाच असतो की तो सिग्नल टीव्हीला समजतो. तो नीट दाखवण्याइतका उजेड पॅनलमध्ये नसतो. त्यामुळे कधी कधी एचडीआर चित्र साध्यापेक्षा जास्त काळपट दिसतं. डॉल्बी व्हिजनचा लोगो असला तरी ही अडचण सुटत नाही.

पॅनल आणि बॅकलाइट. एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडी पॅनल आणि त्याच्या मागे एलईडी दिवे. पॅनल मुख्यतः दोन प्रकारची : व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद दिसतो, पण बाजूनं बघितलं की चित्र फिकट होतं. आयपीएसमध्ये बाजूनंही नीट दिसतं, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो. सगळे समोर बसत असतील तर व्हीए घ्या. कोणी दिवाणावर, कोणी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असेल तर आयपीएस. मिड-रेंजच्या वरच्या टोकाला लोकल डिमिंग मिळतं. त्यात मागचे दिवे गटागटानं कमी-जास्त होतात आणि काळा भाग खरोखर काळा दिसतो. क्यूएलईडी हा शब्द मात्र रंगांशी संबंधित आहे. तो असला म्हणजे ब्राइटनेस किंवा डिमिंग आहेच असं नाही, आणि त्याचा ओएलईडीशीही काही संबंध नाही.

रिफ्रेश रेट. बजेटमध्ये ६० हर्ट्झ पॅनल असतं, मिड-रेंजच्या काही मॉडेलमध्ये १२०. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. ६० ला २४ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा आडवा फिरताना जो बारीक हिसका जाणवतो तो त्यामुळे. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा येते. हा फरक सगळ्यांना जाणवत नाही. पण घरात प्लेस्टेशन ५ सारखा गेमिंग कन्सोल असेल तर १२० हर्ट्झ पॅनल आणि एचडीएमआय २.१ पोर्ट दोन्ही बघून घ्या. मालिका, बातम्या आणि मॅचसाठी ६० चालतं. "मोशन रेट १२०" अशी नावं जाहिरातीत असतात, ती पॅनलची खरी संख्या असेलच असं नाही. स्पेसिफिकेशनमध्ये मूळ रिफ्रेश रेट शोधा.

पोर्ट. सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक आणि साउंडबार धरले तरी तीन एचडीएमआय पोर्ट लागतात. त्यातला एक एआरसी किंवा ईएआरसी हवा, साउंडबार त्यालाच जोडायचा असतो.

नंतर बाहेरून जोडता येणाऱ्या गोष्टी

स्मार्ट भाग. बजेट टीव्हीत रॅम १ ते २ जीबी आणि स्टोरेज ८ जीबी असतं. त्यातली बरीच जागा सिस्टीमच घेते. दोन वर्षांत ॲप्स जड होत जातात, टीव्ही मात्र तेवढाच राहतो. बाबांचं "लावायला वेळ लागतो" हे त्याचंच लक्षण. यासाठी टीव्ही बदलायची गरज नाही. तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागे लावली की स्मार्ट भाग नवा होतो. खरेदीच्या वेळी २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज मिळत असेल तर उत्तम, पण फक्त तेवढ्यासाठी दहा हजार जास्त देऊ नका.

आवाज. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर लहान झाले, आणि त्यांचं तोंड खाली किंवा मागे गेलं. बजेटमध्ये २० वॅट, मिड-रेंजमध्ये ३०-४० वॅट असं लिहिलेलं असतं. पण वॅट वाढले म्हणून संवाद स्पष्ट होतीलच असं नाही. आईला कमी ऐकू येतं. ती आवाज वाढवायची, मग जाहिरात लागली की घर दणाणायचं. पाच हजारांच्या साध्या साउंडबारनं आणि त्यातल्या संवाद स्पष्ट करणाऱ्या मोडनं तो प्रश्न मिटला.

म्हणजे साधारण नऊ हजारांत आमच्या तीन तक्रारींपैकी दोन सुटल्या. तिसरी, दुपारी न दिसण्याची, सुटली नाही. जाड पडदा लावला, टीव्ही थोडा तिरका केला, पिक्चर मोड बदलले. थोडा फरक पडला, पण पॅनलमध्ये नसलेला उजेड बाहेरून आणता येत नाही.

सारख्याच पैशात मोठा बजेट की लहान मिड-रेंज?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. समजा ४० हजार आहेत. त्यात ५५ इंची बजेट टीव्ही बसतो आणि ४३ इंची चांगला मिड-रेंजही. माझं उत्तर असं :

• अंतर ८ फुटांपेक्षा जास्त, खोलीत ऊन येत नाही, बघणं मुख्यतः संध्याकाळनंतर, मालिका आणि बातम्या : मोठा बजेट टीव्ही घ्या. आकाराचा फायदा रोज मिळेल.

• दिवसा बघणं होतं आणि समोर किंवा बाजूला मोठी खिडकी आहे : ब्राइटनेस आधी, आकार नंतर. गरज पडली तर सोफा एक फूट पुढे घ्या, त्याला पैसे लागत नाहीत.

• ओटीटीवर फोर-के सिनेमे, गेमिंग : मिड-रेंजच. पण मग तुमच्या ओटीटी प्लॅनमध्ये फोर-के आहे का आणि इंटरनेट पुरतं का ते बघा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस किंवा जास्त वेग सुचवतं.

• बेडरूम, भाड्याची खोली, दुसरा टीव्ही : बजेट. इथे मिड-रेंजचे पैसे वाया जातात.

किमतीबाबत एक गोष्ट : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे जुन्या लेखांतल्या किमतींवर विसंबू नका. "आज शेवटचा दिवस" या सेलच्या घाईलाही बळी पडू नका.

दुकानात आणि घरी काय तपासायचं

दुकानात टीव्ही भडक मोडवर लावलेले असतात आणि कंपनीचा डेमो व्हिडिओ चालू असतो. त्यात सगळेच टीव्ही छान दिसतात. तुमचा पेनड्राइव्ह न्या. त्यात एक अंधाऱ्या प्रसंगाची, एक मॅचची आणि एक साध्या बोलण्याची क्लिप ठेवा. पिक्चर मोड "सिनेमा" किंवा "स्टँडर्ड" करायला सांगा. दोन्ही बाजूंनी उभं राहून बघा. नेटफ्लिक्ससारखी ॲप्स एचडीमध्ये चालायला वाइडवाइन एल-१ लागतं, ते आहे का विचारा.

टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर मोजा. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो आणि पाय बऱ्याचदा दोन्ही टोकांना असतात. जुन्या शोकेसवर ते मावत नाहीत.

घरी आल्यावर इन्स्टॉलेशनच्या माणसासमोरच पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून ठिपके, रेषा, डाग बघा. सही त्यानंतर. तुमच्या तालुक्यात सर्व्हिस सेंटर आहे का, हे खरेदीआधीच फोन करून विचारा. पॅनल गेलं तर दुरुस्तीचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. म्हणून वाढीव वॉरंटी घेताना तिच्यात पॅनल आहे का ते वाचा. तक्रार ऐकून घेतली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

शेवटी आम्ही काय केलं

गेल्या दिवाळीत गावच्या हॉलसाठी ५५ इंची मिड-रेंज टीव्ही घेतला. रॅम किती, वॅट किती हे बघितलंच नाही. ब्राइटनेस, आकार आणि जवळचं सर्व्हिस सेंटर एवढं बघितलं. स्टिक आणि साउंडबार जुनेच, ते नव्याला जोडले. आता बाबा दुपारची मॅच हॉलमध्ये बघतात.

जुना ४३ इंची टीव्ही मी पुण्याला माझ्या भाड्याच्या खोलीत आणला. इथे अंतर सहा फूट आहे, खिडकी मागच्या गल्लीत उघडते आणि मी बघतो ते रात्री जेवताना. मला त्यात काहीच कमी वाटत नाही. टीव्ही वाईट नव्हताच, मी तो चुकीच्या खोलीत लावला होता. तेव्हा किमती बघण्याआधी एकदा दुपारी तीन वाजता आपल्या हॉलमध्ये जाऊन बसा आणि ऊन कुठे पडतं ते बघा. अर्धा निर्णय तिथेच होईल.