खुर्शेद फ्रामजी नरिमन

खुर्शेद फ्रामजी नरिमन (१७ मे १८८३ – ४ ऑक्टोबर १९४८) हे मुंबईतील वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि काँग्रेसचे नेते होते. 'वीर नरिमन' या नावाने ते ओळखले जात. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. ते अभियंता नव्हते. तरीही सार्वजनिक जीवनात त्यांचे नाव झाले ते बॅक बे भराव या स्थापत्य अभियांत्रिकीच्या योजनेतील गैरकारभार उघडकीस आणल्यामुळे.

पार्श्वभूमी

नरिमन पारशी समाजातील होते. इराणवरील अरब विजयानंतर तेथून स्थलांतर करून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या जरथुश्त्री लोकांच्या वंशजांना पारशी म्हणतात. परंपरेनुसार ते प्रथम संजाण येथे स्थिरावले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत इराणमधून आलेल्या जरथुश्त्री लोकांना मात्र 'इराणी' म्हटले जाते. मुंबईच्या नागरी कारभारात पारशी समाजाचा सहभाग जुना आहे. सर फिरोजशहा मेहता हे १८८४, १८८५ आणि १९०५ या वर्षी महानगरपालिकेचे अध्यक्ष होते. नरिमन यांनी कायद्याचे शिक्षण घेऊन मुंबईत वकिली केली. १९२० च्या दशकात स्वराज्य पक्षाच्या वतीने ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले.

बॅक बे भराव योजना

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील बॅक बे या उपसागरात भर घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८६० च्या दशकातील कापूस तेजीत झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ मध्ये कापसाचे भाव कोसळले आणि त्यासाठी स्थापन झालेली कंपनी बुडाली. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, ही कल्पना सरकारी योजना म्हणून पुन्हा हाती घेण्यात आली. त्यासाठी 'विकास खाते' स्थापन झाले. कामगारांसाठीच्या बीडीडी चाळी याच खात्याने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे त्यांच्या २०७ इमारती उभ्या राहिल्या.

बॅक बे योजनेचे अभियंता सर जॉर्ज ब्युकॅनन होते. कुलाब्यापासून उत्तरेकडे समुद्रात भिंत बांधायची, बंदरातील गाळ ड्रेजरने उपसून नळांवाटे भिंतीच्या आत सोडायचा आणि अशा प्रकारे ११४५ एकर जमीन तयार करायची, असा आराखडा होता. प्रत्यक्षात ड्रेजरचे काम अपेक्षेपेक्षा फारच कमी झाले. भिंतीतून गाळ समुद्रात परत जाऊ लागला. खर्चाचे अंदाज वारंवार वाढवावे लागले. लोकांनी या योजनेला 'लॉईडचा मूर्खपणा' असे उपहासाने म्हणण्यास सुरुवात केली.

नरिमन यांनी या कामातील उधळपट्टी आणि अधिकाऱ्यांचे वर्तन यांवर कायदेमंडळात व बाहेर सातत्याने टीका केली. चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर ग्रिमवुड मियर्स यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ मध्ये समिती नेमण्यात आली. पुढे योजना आखडती घेण्यात आली आणि आठपैकी केवळ चार विभागांचे, सुमारे ४४० एकरांचे काम १९२९ पर्यंत पूर्ण झाले. त्यातील मोठा भाग लष्कराकडे गेला.

हार्वे–नरिमन खटला

विकास खात्यातील अधिकारी थॉमस हार्वे यांनी नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. त्यामुळे सरकारी कामातील गैरव्यवहाराविषयी लोकप्रतिनिधीला जाहीरपणे बोलता येते का, हाही प्रश्न न्यायालयापुढे आला. नरिमन निर्दोष सुटले आणि या निकालामुळे त्यांची लोकप्रियता वाढली. सायमन आयोगाविरुद्धच्या निदर्शनांत आणि मुंबईतील युवक चळवळीत ते अग्रभागी होते. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी कारावास भोगला. मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

महापौरपद

मुंबई महानगरपालिकेच्या अध्यक्षांना १९३१ पासून 'महापौर' असे संबोधले जाऊ लागले. महापौराची निवड मतदार थेट करत नसत; नगरसेवक आपल्यातून एका वर्षासाठी ती करत. अमेरिकेतील अनेक शहरांत महापौर थेट निवडून येतो आणि प्रशासन चालवतो. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिले आहेत. सभागृहाचे अध्यक्षस्थान आणि शहराचे प्रतिनिधित्व हे महापौराचे मुख्य काम. त्यामुळे बांधकामांच्या खर्चावर देखरेख ठेवण्याचे जे काम नरिमन यांनी कायदेमंडळाचे साधे सदस्य म्हणून केले, त्यासाठी महापौर म्हणून त्यांच्या हाती वेगळे कार्यकारी अधिकार नव्हते.

१९३७ चा वाद

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्यात काँग्रेस पक्षाचे नेतृत्व नरिमन यांच्याकडे येईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. मात्र बाळासाहेब खेर यांची निवड झाली व तेच पंतप्रधान (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यास असे म्हणत) झाले. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या प्रभावामुळे आपल्याला डावलण्यात आले, असा आरोप नरिमन यांनी केला. महात्मा गांधी आणि वकील डी. एन. बहादुरजी यांनी केलेल्या चौकशीचा निष्कर्ष नरिमन यांच्या विरोधात गेला. १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीतील त्यांच्या वर्तनावरही त्यात ठपका ठेवण्यात आला. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना पक्षातील जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरवले. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी मात्र आपल्या आत्मचरित्रात नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचे मत नोंदवले आहे. या प्रकरणानंतर नरिमन काँग्रेसच्या मुख्य प्रवाहापासून दूर गेले. १९४८ मध्ये दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

स्मृती

चर्चगेट स्ट्रीट या रस्त्याला 'वीर नरिमन रोड' असे नाव देण्यात आले. लॉईड यांच्या योजनेत अपूर्ण राहिलेल्या भागात स्वातंत्र्यानंतर भर घालून 'नरिमन पॉइंट' हा व्यापारी परिसर उभा राहिला. ज्या उपसागरातील भरावाच्या खर्चाचा हिशेब नरिमन यांनी मागितला होता, त्याच उपसागरात तयार केलेल्या जमिनीला आज त्यांचे नाव आहे.