ओसरीवरची बैठक

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. कायदा एवढासा, पण त्याने जत्रा, प्रवास, घरझडती सारेच सरकारच्या मुठीत गेले. पुण्यातल्या रँडची हकीगत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मुंबईच्या कामकऱ्यांची मात्र फारशी कोणी सांगत नाही. लोक शहर सोडून पळू लागले, तेव्हा मागे राहिलेले गिरणीकामगार महिन्याच्या पगाराची वाट पाहीनात. रोजची मजुरी रोज हातावर ठेवा म्हणाले, आणि मालकांना ते मानावे लागले. पुढे ९ मार्च १८९८ रोजी झडतीवरून दंगल उसळली, आणि गोदीतले मजूर व गाडीवानही काम टाकून बसले.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बाहेर निघाला, तेव्हा मी तळेघरला एका कचेरीत कारकून होतो. सरकारी कचेऱ्यांत शेकडा ५ माणसे पुरेत, असा हुकूम आला. आम्ही सहाजण! हे त्रैराशिक काही आम्हांला सुटले नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आले. हिरड्याची झाडे उन्मळून पडली. ज्यांच्या घरात वर्षाचा पैसा या हिरड्यावरच येतो, त्यांच्या नुकसानीच्या याद्या करायच्या होत्या. साहेबांनी सर्वांना बैठकीला बोलावले. फोनवर बैठक घ्यावी तर डोंगराआड आवाज पोचत नाही. आमची धाकटी सहकारी म्हणाली, “काका, यादी मी एकटी लिहून काढते. पण बंद खोलीत बसायची नाही. घरी सासऱ्यांना दमा आहे.”

मी चिडलो. “लोकांची घरे उडाली आणि तुम्हांला नियम सुचतात? नोकरी करायची आहे ना?” असे सर्वांदेखत बोललो. ती गप्प राहिली, पण आत आली नाही.

शेवटी शिपाईदादांनी ओसरीवर सतरंज्या लांबलांब टाकल्या. तळेघरचा पाऊस! पत्र्यावरच्या आवाजात नावे ऐकू येईनात, म्हणून ओरडून वाचली. तरी दोन घरे राहिलीच. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन ती त्या दोन्ही घरी चालत गेली, अंगणातूनच माहिती विचारून आली. साहेबांपुढे मी यादी ठेवली, तेव्हा शेवटची दोन नावे तिच्या अक्षरात होती. साहेबांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.