मराठी पानांच्या फॉन्टची कुळकथा

मराठी वेबसाइटसाठी फॉन्ट निवडणे आज आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. 2000 सालच्या आसपास मजकूर वाचता येईल की नाही, इथूनच सुरुवात असे. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, योगेश अशा फॉन्टांत मजकूर टंकलेला असे आणि प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले: कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. तोच फॉन्ट वाचकाच्या संगणकात नसला, तर बातमीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसायचा. म्हणून ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना ठळकपणे द्यावी लागे. शोधयंत्रालाही त्या पानांत मराठी शब्द सापडत नसे.

1997 साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची सोय केली. मराठी संकेतस्थळांनी ती उचलली, पण नेटस्केप या दुसऱ्या ब्राउझरची पद्धत वेगळी होती, आणि आतले क्रमांक तर अजून रोमनचेच होते.

खरा पालट युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकाने, केला. 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तिची रचना इस्की या भारतीय मानकावर बेतलेली. विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला. तो रेखणारे र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतले अध्यापक. बोरू हाती धरलेल्या माणसाने पडद्यावरचे हे अक्षर घडवले, याचे मोल मला फार वाटते. विंडोज एक्सपीवर मात्र भारतीय लिप्यांचा आधार वेगळा चालू करावा लागे आणि त्यासाठी अनेकदा मूळ सीडी शोधावी लागे.

मग कितीतरी काळ सगळीकडे मंगलच. 2010 मध्ये गूगलने वेबफॉन्टचा मोफत संग्रह खुला केला आणि पुढच्या काही वर्षांत त्यात देवनागरीची भर पडत गेली. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता सात वजनांत मिळतो, बलू जाड आणि गोलसर, मोदक तर इतका गुबगुबीत की तो मथळ्यापुरताच ठेवावा.

एवढी मुबलकता आल्यावर मराठीची स्वतःची गरज पुढे येते. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना मान्यता दिली. युनिकोडमध्ये मात्र ल ला एकच क्रमांक आहे. पाकळी दिसणार की दंड, हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. पानाच्या संहितेत भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदवली, तर त्यांतले मराठी वळण पुढे येते. ही नोंद विसरणे हा मराठी पानांवरचा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून फॉन्ट पसंत करण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द त्यात लिहून पाहावेत. अर्धचंद्रासारखा र नीट उमटायला हवा. मग ‘मूर्ती’ आणि ‘दृष्टी’ एकाखाली एक ठेवावेत. वरची वेलांटी, रफार आणि खालचा ऋकार एकमेकांत घुसत असतील, तर ओळींमधले अंतर वाढवावे. रोमनसाठी पुरणारे अंतर इथे तोकडे पडते. अक्षरांमधली जागा मात्र वाढवू नये, शिरोरेषा तुटते.