विवर आहे, पण ज्वालामुखी कुठे? जालना, लोणार आणि पायाखालचा दगड

आजचा विषय एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. जालन्याला बाहेरगावचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "इथून जवळच विझलेला ज्वालामुखी आहे ना? तो बघायचाय." आणि आपल्यातलाच कुणीतरी मंठ्याच्या रस्त्याकडे बोट दाखवून सांगतो, "हा काय, लोणार!" पाहुणे जातात, काठावर उभे राहतात, थक्क होऊन परत येतात. पण त्यांनी जे पाहिलं तो ज्वालामुखी नव्हे. आणि जो खरा ज्वालामुखीचा पसारा आहे, त्याच्यावरूनच गाडी हाकत ते गेले आणि आले. आज आपण या दोन्ही गोष्टींचा इतिहास बघणार आहोत.

आधी लोणार. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, पण मंठा तालुक्याला अगदी लागून. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, तळाशी खारट आणि अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. आपल्या लोकांना ही जागा 'सापडली' वगैरे नाही, ती कायमच ठाऊक होती. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून बसला, विष्णूने त्याचा वध केला, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ, ही कथा तुम्ही ऐकलेली असेल. अकबराच्या काळात अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'मध्ये वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची नोंद घेतली. इथे काच आणि साबण करायला लागणारी द्रव्यं मिळतात, असं तो लिहितो. म्हणजे काय, तर भाविकाला इथे तीर्थ दिसत होतं आणि दरबाराला इथला खार दिसत होता. हा खड्डा झाला कसा, हा प्रश्न त्या दोघांचाही नव्हता.

तो प्रश्न इंग्रजांबरोबर आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच भोकरदन तालुक्यात असईची लढाई झाली. आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि या भागात इंग्रज लष्कराची ये-जा वाढली. पुढे जालन्यात छावणी बसली. मग बघा, १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत पोचतो आणि १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर लोणारला पोचतो. सैन्याच्या वाटेनेच ही दोन्ही ठिकाणं युरोपच्या कागदावर गेली.

आता या मंडळींनी काय विचार केला असेल? गोल विवर आहे, भोवती काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. मग हे ज्वालामुखीचं तोंडच असणार! तर्क चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता. आकाशातून पडलेल्या दगडाने एवढा खड्डा पडू शकतो, हे एकोणिसाव्या शतकात फारसं कुणी मानत नव्हतं. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट याने ॲरिझोनातल्या एका विवराची तुलना लोणारशी केली. दोन्ही एकसारखी आहेत हे त्याला बरोबर दिसलं. पण निष्कर्ष काढला वाफेच्या स्फोटाचा! साम्य खरं, कारण चुकलं. पुढे १९६० मध्ये ॲरिझोनाच्या त्या विवरात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारं खनिज सापडलं, आणि ते विवर उल्कापाताचंच हे पक्कं झालं. साहजिकच नजरा लोणारकडे वळल्या.

१९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. विवराच्या तळात छिद्रं घेऊन काढलेल्या दगडांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. हे काय असतं? बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज जबरदस्त धक्क्याने, न वितळताच, काचेसारखं होतं, त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. आणि गंमत अशी, की हा पदार्थ शास्त्रज्ञांना पहिल्यांदा ओळखता आला तोही आपल्याच देशात पडलेल्या उल्केत, १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. प्रश्न मिटला. लोणार हे उल्कापाताचं विवर.

मग ज्वालामुखी कुठे गेला? मंडळी, तो तुमच्या खुर्चीखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थिजला की त्यावर दुसरा. आज उरलेला पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि वर धूर, हे चित्र डोक्यात ठेवून शोधलं तर जालना जिल्ह्यात काहीच सापडणार नाही. पण विहीर खणणाऱ्याला विचारा. तो सांगेल, वर मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, मग पहार न लागणारा काळा पाषाण. ते लाव्ह्याचेच थर! मांजऱ्यात थोडं पाणी धरलं जातं, अखंड पाषाणात जवळपास नाहीच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना होरपळला त्याचं पहिलं कारण पाऊस, हे खरंच. पण पडलेलं पाणी साठवून ठेवायला खाली वाळूचे जाड थर नाहीत, कठीण खडक आहे, हेही तितकंच खरं.

कुणी म्हणेल, परदेशात ज्वालामुखीशेजारी बर्फाच्या गुहा असतात, आपल्याकडे का नाहीत? अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये बँडेरा नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. त्याचा लाव्हा वाहताना वरचा थर थिजला, आतला वाहून गेला आणि पोकळ नळी उरली. या नळीतल्या एका गुहेत बाराही महिने बर्फ असतो. हिवाळ्यातली जड, थंडगार हवा आत उतरते, उन्हाळ्यातली हलकी हवा तिला हलवू शकत नाही, आणि सच्छिद्र लाव्हा गोधडीसारखा थंडी राखतो. पण त्यासाठी आधी गोठवणारा हिवाळा पाहिजे! आपल्याकडे तो नाही. आपल्या वाट्याला त्याच जातीच्या दगडाचा दुसरा गुण आला. जाड खडक सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. म्हणून भर वैशाखात अजिंठ्याच्या लेणीत पाऊल टाकलं की बरं वाटतं. थंड गुहा आपल्याकडेही आहेत, फक्त त्या माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या आहेत. भोकरदनला केळणा नदीच्या काठावरही अशी लहान लेणी आहेत.

भोकरदनचं नाव निघालंच आहे, तर खऱ्या ज्वालामुखीशी असलेलं आपल्या जिल्ह्याचं आणखी एक नातं सांगतो. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावं सांची आणि भरहूतच्या शिलालेखांत आहेत. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झालं आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई शहरात मिळाली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं ते शहर. पाँपेईची ती मूर्ती भोकरदनकडच्या कारागिरांची असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. विचार करा, लाव्ह्याच्या जमिनीवरच्या एका गावाशी नातं सांगणारी वस्तू समुद्रापार गेली आणि दुसऱ्या ज्वालामुखीच्या राखेने ती जपून ठेवली.

आता शेवटचा मुद्दा. ज्वालामुखी म्हणा नाहीतर उल्का म्हणा, आपल्याला काय फरक पडतो? फरक पडतो. लोणारला ज्वालामुखीचं तोंड मानलं, तर जपायचं काय? तर तळं आणि उतार. पण उल्कापाताचं विवर मानलं, तर त्या आघाताने उडालेला दगड-मातीचा थर काठाबाहेर एक किलोमीटरहून जास्त पसरलेला आहे, तोही पुरावा ठरतो. बेसाल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी, तर चंद्रावर आणि मंगळावर बेसाल्ट भरपूर. म्हणून तिथले खड्डे समजून घ्यायला अभ्यासक इथे येतात. काठाबाहेरच्या शेतातला मुरूम कुणी ट्रॅक्टरने उपसून नेला, तर तो नुसता मुरूम जात नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तर ती क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची करामत होती. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून सांडपाणी आणि काठावरच्या बांधकामांचे प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलेले आहेत. दर्जा मिळाल्याने हे प्रश्न आपोआप सुटत नाहीत. गोडं सांडपाणी आत येत राहिलं, तर ज्या खारटपणामुळे हे तळं वेगळं आहे, तो खारटपणाच पातळ होत जाईल.

तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, की ज्वालामुखी कुठे आहे, तर आधी त्यांना एखाद्या विहिरीच्या काठावर न्या आणि कड्यातले थर दाखवा. मग लोणारला न्या आणि सांगा, की हा खड्डा वरून आलेला आहे. आणि काठाबाहेर चालताना पायाखाली बघायला सांगा.